जीआयपी रेल्वे कंपनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीआयपी म्हणजे नेमकी कोणती रेल्वे?

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. आजच्या मध्य रेल्वेचा कणा हिनेच घातला. मुंबईहून कल्याण, तिथून एक वाट कसारा, इगतपुरी, नाशिक, भुसावळकडे आणि दुसरी कर्जत, लोणावळा, पुणे, सोलापूरकडे. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ही कंपनी स्थापन केली. तिचे संचालक मंडळ लंडनला बसे, भागधारकही बहुतेक विलायतेतलेच. मुंबईत तिचा कारभार पाहणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला एजंट म्हणत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी मात्र एवढे लांबलचक नाव कधीच नव्हते, 'जीआयपीत नोकरीला' म्हटले की सगळे कळत असे.

ही कल्पना कोणाची?

एका माणसाचे नाव सांगता येत नाही. जॉर्ज क्लार्क या सरकारी इंजिनियरने १८४३ मध्ये मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर या दोन्ही घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा, असे सुचवले. १८४५ मध्ये मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी आणि प्रतिष्ठितांनी यासाठी संस्था काढली. त्यात जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाय हे दोघे ठळक होते.

लंडनकडच्या बाजूने धावपळ करणारा गृहस्थ होता जॉन चॅपमन. हा लफबरोचा, लेस विणण्याची यंत्रे बनवणारा. त्याने कंपनीचे माहितीपत्रक काढले, १८४५ मध्ये स्वतः मुंबईत येऊन घाट पायाखाली घातले आणि पुढे संचालकांशी बिनसल्यावर बाजूला पडला. मूळ बेत मोठा होता. मुंबईहून निघून थेट गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगा बंदरापर्यंत, म्हणजे सगळे द्वीपकल्प आडवे कापून जायचे. कंपनीच्या नावातला 'पेनिन्शुला' तिथून आला. तो बेत कागदावरच राहिला.

या सगळ्यामागे कापूस होता. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. अमेरिकेत पीक बुडाले की इकडे भाव भडकत. वऱ्हाड-खानदेशातला कापूस त्यांना हवा होता, पण तो बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून मुंबईला यायला आठवडेच्या आठवडे लागत. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. म्हणून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी लंडनमध्ये हा विषय लावून धरला.

नाना शंकरशेट या कंपनीचे मालक होते, असे ऐकले आहे. खरे का?

मालक नव्हते. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी आपले वजन खर्च केले, त्यांत नाना पहिल्या रांगेत होते, आणि ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण कंपनीच्या तिजोरीच्या किल्ल्या लंडनला होत्या. मुंबईच्या मंडळींचा उपयोग पत घालायला आणि स्थानिक अडचणी सोडवायला झाला. सरकारशी करार लंडनला ठरला, पैसा लंडनला उभा राहिला आणि नफा लंडनला वाटला गेला.

कंपनी खासगी होती ना? मग सरकारचा संबंध कुठे येतो?

कंपनी खासगी होती, तिची जोखीम मात्र खासगी नव्हती. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. त्यातली मुख्य कलमे अशी. जीआयपी ५ लाख पौंड भांडवल उभे करील आणि प्रयोग म्हणून पहिला टप्पा बांधील. सरकार जमीन फुकट देईल. भागधारकांनी भरलेल्या पैशावर सरकार दरसाल ५ टक्के व्याजाची हमी देईल, गाडी चालो न चालो. करार ९९ वर्षांचा. ती मुदत संपली की मार्ग आणि इमारती सरकारच्या, डबे-इंजिनांचे तेवढे पैसे द्यायचे. सरकारला २५ वर्षांनी किंवा ५० वर्षांनी कंपनी विकत घ्यायची मुभा. आणि शेवटी एक कलम सगळ्यांवर कडी करणारे: कंपनीला नको वाटले तर सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात घालायची आणि लावलेले भांडवल परत घ्यायचे.

आता हे व्याज सरकार कुठून देणार? भारताच्या महसुलातून. म्हणजे शेतसारा, मीठ, अफू यांतून. साताऱ्याच्या ज्या शेतकऱ्याने आगगाडी जन्मात पाहिली नाही, त्याच्या साऱ्यातला वाटा चेल्टनहॅमच्या पेन्शनरला घरबसल्या पोचत होता. विलायतेत त्या काळी सरकारी कर्जरोख्यांवर ३ टक्क्यांच्या आसपास मिळे. इथे ५ टक्के, तेही हमीचे. जीआयपीच्या शेअरवर उड्या पडल्या यात नवल नाही. भारतीय नावे भागधारकांच्या यादीत बोटांवर मोजण्याइतकी होती.

या कंपनीचा विचार करताना धाडसी उद्योजक वगैरे चित्र डोळ्यांपुढून काढून टाकावे, असे माझे मत आहे. धाडस होते, पण ते घाटात होते. लंडनच्या कचेरीत नव्हते.

हमीमुळे एवढे काय बिघडले?

खर्चावर लगाम राहिला नाही. लॉर्ड डलहौसीच्या काळात मैलाला ८ हजार पौंडांचा अंदाज धरला जाई. हमीच्या कंपन्यांनी बांधलेले मार्ग त्याच्या दुपटीहून महाग पडले. १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे भारताचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी साक्ष दिली. सगळा पैसा इंग्रज भांडवलदाराचा होता, पण ५ टक्क्यांची हमी असल्यावर तो पैसा हुगळी नदीत फेकला काय की त्याच्या विटा-चुना झाल्या काय, त्याला सुखदुःख नव्हते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. ही साक्ष सरकारच्याच माणसाची, कोणा विरोधकाची नव्हे.

दुसरी गोम विनिमय दराची. करारात १ रुपया म्हणजे १ शिलिंग १० पेन्स असा दर कायमचा ठरवलेला होता. १८७०नंतर चांदी घसरत गेली आणि रुपयाही. शतकाच्या शेवटी तो १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला. आता हिशेब करा. कराराच्या दराने १०० पौंड म्हणजे सुमारे १,०९१ रुपये. बाजारात त्याच १०० पौंडांना १,५०० रुपये पडत. रेल्वेने १,०९१ रुपये मिळवले की कंपनीच्या वहीत १०० पौंड जमा होत, आणि सरकारला मात्र ते पौंड उभे करायला वरचे ४०० रुपये पदरचे घालावे लागत. वहीत नफा दिसे आणि खजिन्यात खड्डा.

तिसरी गोम सहामाही हिशेबाची. मुळात ५ टक्क्यांच्या वरचा नफा आधी सरकारचे थकलेले व्याज फेडायला जायचा होता. १८७०च्या सुमारास भारतमंत्र्यांनी जीआयपी आणि आणखी दोन कंपन्यांशी नवा समझोता केला. थकबाकी माफ, वरचा नफा निम्मा-निम्मा, आणि त्याच्या बदल्यात २५ वर्षांनी कंपनी विकत घेण्याचा हक्क सरकारने सोडून दिला. हा नफा सहा-सहा महिन्यांनी मोजायचा. कापसाच्या हंगामातली सहामाही जोरात जाई, कंपनी आपला निम्मा वाटा उचले. पावसाळी सहामाही बुडीत जाई, तो तोटा एकट्या सरकारचा. एका सहामाहीची तूट दुसरीच्या नफ्यातून वळती होत नसे. असा करार कोणा गुजराती-मारवाडी पेढीने केला असता तर मुनिमाची त्याच दिवशी पेढीवरून उचलबांगडी झाली असती!

दादाभाई नौरोजी, गणेश व्यंकटेश जोशी, रमेशचंद्र दत्त यांनी रेल्वेवर जी टीका केली ती या हिशेबांच्या आधारे. आगगाडी नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. १९०० पर्यंत भारतातल्या रेल्वेंपायी खजिन्याला सुमारे ४ कोटी पौंडांचा तोटा आल्याचे दत्तांनी मांडले आणि हा पैसा पाटबंधाऱ्यांवर का नाही घातला, असा प्रश्न विचारला.

पहिली गाडी कधी धावली?

१६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. १४ डबे, ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी. तीन इंजिने जोडली होती, त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगतात. सुरुवातीची आठ इंजिने लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीने बनवलेली होती. कामाचा मुहूर्त ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवला झाला होता.

जातपात मानणारे लोक एका बाकावर बसणार नाहीत, गाड्या रिकाम्या धावतील, असे भाकीत बऱ्याच साहेबांनी केले होते. झाले उलटेच. तिसऱ्या वर्गाला मुंगीला शिरायला जागा उरली नाही. पुढेही कंपनीचे प्रवासी उत्पन्न याच तिसऱ्या वर्गावर उभे राहिले आणि सर्वांत कमी सोयीही त्याच वर्गाला मिळाल्या.

ती भारतातली पहिली आगगाडी होती का?

प्रवाशांसाठी नियमित चालणारी पहिली, होय. दगडमाती वाहण्यासाठी मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये आणि रुरकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये लोहमार्ग वापरला गेला होता.

बोरघाट बांधताना काय घडले?

हा या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत मोठा आणि सर्वांत काळा भाग.

मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कली. सल्लागार इंजिनियर खुद्द रॉबर्ट स्टीफन्सन. पळसदरीच्या बाजूने लोणावळ्यापर्यंत साधारण २५ किलोमीटरात १,८३१ फूट चढायचे होते. २५ बोगदे, आठ मोठे पूल, आणि ३७ फुटांना १ फूट असा चढ. एका ठिकाणी कडाच इतका आडवा आला की गाडी पुढे नेता येईना. तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी एका तोंडाने येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ सुरू व्हायचा. १९२९ मध्ये विजेच्या इंजिनांसाठी नवे बोगदे खोदून मार्ग वळवला, तोवर ही कसरत चालू होती.

घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल, ज्याने मुंबई-ठाणे मार्गही बांधला होता. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि सर्वांत खाली कोकणातून, देशावरून आलेली माणसे. वडार समाजाची कुटुंबेच्या कुटुंबे दगडमातीच्या कामावर होती. बायका पाट्या वाहत, पोरेही वाहत. काम पावसाळा सोडून आठ महिने चाले. कड्यावर उभे राहायला जागा नसे, तेव्हा माणसाला दोराने खाली सोडत आणि तो लोंबकळत सुरुंगाची भोके पाडी. जानेवारी १८६१ मध्ये एकट्या बोरघाटात ४२ हजारांवर माणसे राबत होती. त्या काळच्या मानाने हे एक मोठे शहरच, पण त्यात धड पाणी नाही की निवारा नाही. पटकीची साथ आली की माणसे पटापट मरत, उरलेली रातोरात गावाकडे पळत. बोगदा कोसळून, सुरुंग उडून मेले ते वेगळे.

शिवाय मजुरी वेळेवर मिळत नव्हती. पोटकंत्राटदार आठवडे-महिने पैसे दाबून ठेवत, मोजमापात मारत. २० जानेवारी १८५९ रोजी मजुरांचा तोल सुटला आणि त्यांनी गोऱ्या देखरेख्यांवर हल्ला चढवला. सरकारने चौकशी बसवली. तीत मजुरांची थकलेल्या पैशांची तक्रार खरी निघाली. त्याच वर्षी मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडले. मराठी मुलखातल्या मजुरांनी मजुरीसाठी केलेल्या मोठ्या उठावांपैकी हा एक, पण शाळेच्या पुस्तकात पहिली गाडी भेटते आणि हा उठाव भेटत नाही.

एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचे उद्‌घाटन झाले. बर्कली ते पाहायला नव्हते. प्रकृती ढासळून ते विलायतेला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारले. घाईत झालेल्या कामाची किंमत नंतर मोजावी लागली. १८६७च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला.

एका बाईने बोरघाट पूर्ण केला म्हणतात, त्यात किती तथ्य?

बऱ्यापैकी आहे. फॅव्हिएलनंतर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलकडे गेले. तो १८५९च्या पावसाळ्याच्या अखेरीस आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनियरांवर कामाची व्यवस्था सोपवून तिने ते तडीस नेले. बाईने स्वतः घाटात उभे राहून बोगदे खोदवले, हे चित्र रंगवलेले आहे. पण परक्या मुलखात, नवरा नुकताच गेलेला असताना एवढ्या मोठ्या कंत्राटाची जबाबदारी अंगावर ठेवणे ही लहान गोष्ट नाही.

भारतीय कंत्राटदार कोणीच नव्हते का?

होते. पारशी कंत्राटदार जमशेटजी दोराबजी यांनी जीआयपीचे अनेक टप्पे बांधले.

घाट पूर्ण होण्याआधी पुण्याला कसे जात?

तुकड्या-तुकड्यांनी. १८५६ पासून गाडी खोपोलीपर्यंत जाई. तिथे उतरून घाट पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी चढायचा. १८५८ पासून वर खंडाळ्याहून पुण्याला दुसरी गाडी मिळू लागली. घाट झाल्यावर खोपोलीची वाट मुख्य मार्गातून सुटली, पण रूळ राहिले. आज कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरीच्या पुढे धावते ती १८५६च्या त्याच वाटेने.

आणि थळघाट?

कसारा ते इगतपुरी. लांबीला कमी, १३ बोगदे, चढ तोच ३७ला १. जानेवारी १८६५ मध्ये सुरू झाला. कसाऱ्याला वर जाणाऱ्या गाडीच्या मागे आजही ढकलायला जादा इंजिने लागतात. दीडशे वर्षांहून जुन्या त्या चढाचा हा रोजचा खर्च.

गाडी कुठे कधी पोचली?

कल्याणला १ मे १८५४, सोलापूरला १८६०, नागपूरला १८६७. १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी गाठ पडली आणि मुंबई-कलकत्ता असा अखंड प्रवास होऊ लागला. १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वे भेटली.

कापसाच्या तेजीत कंपनीने चिक्कार कमावले असेल?

गंमत तिथेच आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पाऊस पडला. ज्या क्षणासाठी ही रेल्वे जन्माला आली तो क्षण आला, आणि तेव्हा ती घाटातच अडकली होती! वऱ्हाडात रूळ पसरेपर्यंत १८६५ उजाडले, युद्ध संपले आणि भाव कोसळले.

पुढच्या काळात मात्र कापसाने कंपनीला हात दिला. १८७० मध्ये लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याच्या उद्‌घाटनाला आले होते. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. हे दोन्ही फाटे सरकारी पैशाने झाले, गाड्या जीआयपीच्या. बंदराकडे जाणाऱ्या मालाचा दर कमी आणि देशातल्या देशात जाणाऱ्या मालाचा जास्त, अशी दररचना होती. कच्चा कापूस बाहेर जावा आणि विलायती कापड आत यावे याला ती सोयीची. देशी गिरणीवाले पुढे वर्षानुवर्षे याविरुद्ध ओरडत राहिले.

रेल्वेमुळे दुष्काळात लोक वाचले की मेले?

दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतील. १८७६-७७च्या दुष्काळात सोलापूर भागात जीआयपीने धान्य आणले हे खरे. पण ज्याच्या हाताला काम नाही त्याच्याकडे ते विकत घ्यायला पैसा नव्हता. शिवाय रेल्वेने भाव एकमेकांना जोडले. जिथे पीक बरे तिथलेही धान्य बाहेर गेले आणि तिथेही महागाई आली. रुळांनी धान्य हलवले, ते कोणाच्या ताटात पडेल हे रुळांनी ठरवले नाही.

स्टेशनातले घड्याळ आणि गावातले घड्याळ वेगळी वेळ दाखवत, हे खरे?

खरे. गाड्या मद्रासच्या वेळेवर चालत. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे अर्धा तास मागे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सगळ्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लावायचा हुकूम काढला. मुंबईकर चिडले, सभा झाल्या, आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. रेल्वे आपल्या वेळेने चालत राहिली. गावच्या घड्याळावर भरवसा ठेवणाऱ्याची गाडी चुकत राहिली.

व्हीटी स्टेशन सरकारने बांधले की कंपनीने?

कंपनीने, आणि प्रामुख्याने आपली मुख्य कचेरी म्हणून. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ मध्ये सुरू झाले, १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीला व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणजे व्हीटी हे नाव दिले, आणि १८८८ मध्ये इमारत पुरी झाली. खर्च १६ लाख रुपयांहून थोडा अधिक. कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. फाटकावरचा सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे भारत. घुमटावर उभी आहे ती प्रगतीची मूर्ती. २००४ मध्ये इमारतीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात महाराज जोडले गेले.

हमीचे व्याज घेणारी कंपनी एवढा राजवाडा उभारते, याकडे त्या काळीही भुवया उंचावून पाहणारे होतेच असणार. पण इमारत अप्रतिम आहे, त्याला इलाज नाही.

कंपनीत कधी संप झाला का?

१८९९ मध्ये सिग्नलर म्हणजे तारायंत्रावरच्या कामगारांचा मोठा संप झाला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा'मधून महिनोन्‌महिने त्यांची बाजू मांडली. फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारख्यांनी सभा आणि निधी यांतून मदत केली. राष्ट्रीय चळवळीतल्या पुढाऱ्यांनी कामगारांच्या संपाला उघड पाठिंबा दिल्याचे हे सुरुवातीचे उदाहरण म्हणून मोजतात.

जीआयपी कधी संपली? प्रत्येक ठिकाणी वेगळे वर्ष दिसते.

कारण ती हप्त्याहप्त्याने संपली.

५० वर्षे भरल्यावर सरकारने विकत घेण्याचा हक्क वापरला आणि १ जुलै १९०० पासून रेल्वे सरकारी मालकीची झाली. किंमत कशी ठरली पाहा. आधीच्या तीन वर्षांत लंडनच्या बाजारात शेअरचा जो सरासरी भाव होता तो. हा भाव चढा होता तो मुख्यतः सरकारी हमीमुळे. म्हणजे सरकारने आधी हमी देऊन शेअर महाग केला आणि मग तो महाग म्हणून जास्त पैसे मोजले. पैसे एकरकमी दिले नाहीत. दरसाल १२ लाख पौंडांहून जास्त रकमेची वार्षिकी बांधून दिली, ४८ वर्षे आणि ४८ दिवसांसाठी. मूळ ९९ वर्षांचा करार जिथे संपायचा तिथे, १७ ऑगस्ट १९४८ ला, ही मुदत संपत होती. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा एक वर्ष आणि दोन दिवस झाले होते.

आणखी विशेष म्हणजे भारतातल्या रेल्वे एकूणात सरकारला फायदा दाखवू लागल्या त्या १९००च्याच आसपास.

मालकी गेली तरी कंपनी गेली नाही. तिच्याशी चालवण्याचा नवा करार झाला, झाशीकडची इंडियन मिडलँड रेल्वेही तिच्यात आली, आणि हमीचे व्याज ३ टक्क्यांवर उतरले. पुढे अ‍ॅकवर्थ समितीने रेल्वे सरकारनेच चालवाव्यात अशी शिफारस केली. ३० जून १९२५ ला कंपनीचा करार संपला. १ जुलैपासून जीआयपी हे फक्त सरकारी रेल्वेचे नाव उरले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजाम, शिंदे आणि धोलपूर संस्थानांच्या रेल्वेंसह ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि नावही गेले.

तेव्हा मालकी विचाराल तर १९००, कंपनीचा कारभार विचाराल तर १९२५, नाव विचाराल तर १९५१.

विजेची पहिली लोकल आणि डेक्कन क्वीन ही याच कंपनीची देणगी ना?

लोकल, काठावर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने विजेची गाडी धावली तेव्हा कंपनीच्या कराराचे जेमतेम पाच महिने उरले होते. डेक्कन क्वीन १ जून १९३० ची. तिच्यावर नाव जीआयपीचे, पण रेल्वे तोवर सरकारी झाली होती.

महाराष्ट्रात आणखी खासगी रेल्वे कंपन्या होत्या का?

पुष्कळ. मुंबईच्या पश्चिमेकडची बीबीसीआय म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही हमीचीच, तिचा सरकारी कारभार १९४२ मध्ये सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जीआयपीत नोकरीला होता, त्याने पुढे बार्शी लाइट रेल्वे काढली. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, मग पंढरपूर, लातूर आणि मिरजपर्यंत गेली. ती १९५४ पर्यंत कंपनीच्याच हाती होती. पंढरीच्या वारकऱ्यांनी भरून वाहणारी ती गाडी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विदर्भातली शकुंतला ही किलिक निक्सनच्या व्यवस्थेखालच्या कंपनीची, गाड्या मात्र जीआयपी चालवी. माथेरानची गाडी आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये आणली. गोव्यातली मुरगाव ते कॅसलरॉक ही रेल्वेही लंडनच्या कंपनीने बांधली, फक्त तिथे व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची होती. साम्राज्य बदलले, कराराचा साचा तोच.

आमचे पणजोबा जीआयपीत होते. त्यांची नोंद कुठे मिळेल?

कंपनीचे करार, अहवाल, लंडन मंडळाचा पत्रव्यवहार यांचा मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या नोंदी तिथे सापडण्याची शक्यता बरी असते. मुंबई सरकारशी झालेला व्यवहार, जमीन संपादन, घाटातल्या दंगलीसारखी प्रकरणे महाराष्ट्र पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे दप्तरांत पाहावीत. घाटातल्या मजुरांची नावनिशीवार यादी मिळेल, ही आशा ठेवू नये. मुकादमांच्या हाताखालची माणसे कंपनीच्या वहीत आकडा म्हणून येतात. कारकून, गार्ड, ड्रायव्हर, फिटर असतील तर आधी घरातली कागदपत्रे धुंडाळा: भविष्यनिर्वाह निधीची पुस्तिका, पास, बढतीचे पत्र. त्यावर कारखाना किंवा विभाग लिहिलेला असतो, परळ, माटुंगा, भुसावळ, झाशी असा, आणि शोध तिथून सुरू करता येतो. जुन्या इंग्रजी दप्तरांत गावांची नावे ओळखू न येण्यासारखी लिहिलेली आहेत. खोपोली 'कॅम्पुली' म्हणून शोधावी लागते आणि कल्याण 'कॅलियन' म्हणून.